दगडाला मुकं म्हणणारं घर

नोकरीची सगळी वर्षं मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काढली आणि त्यातली बरीचशी प्रबंधांच्या विभागात. तिथं पहिल्यांदा येणारा माणूस कपाटांवरून नजर फिरवायचा आणि हसायचा. कुणी बेडकाच्या कातडीवर उमेदीची वर्षं घातलेली, कुणी सोसायट्यांच्या निवडणुकांवर, कुणी ज्वारीच्या खोडकिडीवर, तर कुणी ओव्यांमधल्या माहेरावर. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, गोत्र नाही. बेडूकवाल्यानं ओव्यांचं कपाट आयुष्यात उघडलेलं नसायचं, आणि ओवीवाल्या बाईंना बेडकाची किळस. लोक म्हणायचे, एवढ्या उठाठेवी कशासाठी? मला मात्र त्या कपाटांचं हसू कधी आलं नाही. अशी माणसं मी लहानपणी आमच्याच अंगणात, एका पंगतीला, मांडीला मांडी लावून जेवताना पाहिली होती. त्यांची आठवण लिहायची तर आबांची, माझ्या वडिलांची, लिहावी लागते, आणि आबांची लिहायची तर आधी आमच्या आईच्या जिभेवर जो शब्द नव्हता त्याची गोष्ट सांगावी लागते.

आमची वस्ती ईट गावापासून कोसभर आत, माळाच्या पोटात. घर दगडमातीचं, मागं मेंढरांचा वाडा आणि उजव्या अंगाला दूध सोसायटीची पत्र्याची खोली. बरे दिवस होते तेव्हा पहाटेपासून त्या खोलीत कॅनांचा खडखडाट चाले. आम्हा पोरांना तोच कोंबडा. दुष्काळ पडला तसा तो आवाज एकेक करून बंद झाला. जनावरं छावणीला गेली, उरली ती बाजाराला गेली, आमची मेंढरंही गेली. सोसायटीच्या कॅनांत मग टँकरचं पाणी भरून ठेवू लागले, आणि त्या पाण्याला कितीही घासलं तरी आंबूस दुधाचा वास येई. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फाटत, आई ओल्या बोटानं त्या सांधत बसे. दुष्काळी कामावरच्या बायांना सुकडी मिळे. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत घेऊन यायची, आणि ती गाठ सोडताना येणारा भाजक्या पिठाचा गोड वास मला आजही कुठल्या तरी लग्नाच्या मांडवात अचानक येतो. मग मला पक्वान्न गोड लागत नाही.

आबांचं नाव दगडू. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं हा जन्मल्यावर नाव ठेवलं दगडू. दगडाला कोण हात लावतंय, कुणाची नजर लागतीय, असा तिचा हिशेब. तो बरोबरही ठरला. आबा जगले, रापले, माळावरच्या उन्हातान्हात टिकले. पण त्या नावाचा सगळा भार आला आमच्या आईवर. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगून पाठवलेलं. लग्नाकार्यात बाया "नाव घे, नाव घे" करून मागं लागत, तेव्हा उखाण्यात तेवढी मुभा. उखाणा गाण्यासारखा, त्यात नाव गुंडाळलेलं असतं. उघडं, नुसतं नाव नाही. दुसरीचा नवरा विठ्ठल असला तर ती देवाला पांडुरंग म्हणून भागवायची. आमच्या आईनं दगडाला काय म्हणावं? आणि आमच्या माळावर दुसरं होतं तरी काय? चुलीला दगड, दाराला दगड, शेतात दगड, देव तोही शेंदूर फासलेला दगडच.

आईनं त्याला एक शब्द काढला होता. मुकं. मला म्हणायची, "शाले, चुलीचं मुकं हाललंय, नीट बशीव." "त्या मुक्याला ठेच लागंल, बघून चाल." मी बोलायला शिकले ते हेच ऐकत. आमच्या घरात दगडाला मुकं म्हणतात आणि बाकीच्या जगात दगड, याचा मला बराच काळ पत्ताच नव्हता. शाळेत निबंधात मी लिहिलं की उन्हाळ्यात आम्ही रानातली मुकी वेचतो. गुरुजींना वाटलं, मोकाट जनावरं. वर्गातल्या एका आगाऊ पोरानं वेगळाच अर्थ काढला आणि ओठांचा चंबू करून दाखवला. मी रडत घरी आले. आबा पोट धरधरून हसले. आबांना आईची खोडी काढायला भारी आवडे. मुद्दाम हातात धोंडा घेऊन तिच्यापुढं उभे राहायचे.

"हे काय हाय गं?"

"तुमचं डोस्कं."

"व्हय, पर याला म्हनत्यात काय?"

"सरा तिकडं, भाकर करपाय लागली," असं म्हणून ती तोंडाला पदर लावायची. उपाशी दिवस होते ते. तरी त्या घरात हसणं होतं, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. दुष्काळाबद्दल लिहिणारे लोक ते विसरतात.

दूध बंद झालं आणि सोसायटीची खोली रिकामी पडली, तशी तिथं चौकशीवाली माणसं उतरू लागली. सगळी कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाची. ती म्हणत पीएचडी, आमची वस्ती म्हणे पेचडी. "तुमच्यात आज कोन पेचडी आलाय?" असं बाया आईला विचारत. झाडलोट आबांकडं, भाकरी आईकडं, शिधा ज्याचा त्यानं आणलेला. बेडूकवाले आले, पण बेडूकच न मिळाल्यानं लगेच गेले. सोसायटीच्या कारभारावर लिहिणारा एक गोरापान माणूस आला, त्याला रोज डोकं दुखायचं. जास्त राहिली ती तिघं. एक बाई मुलांचे दंड पट्टीनं मोजायच्या आणि काल घरात काय शिजलं ते विचारायच्या. आई त्यांना रोज डाळीचं वरण सांगायची. डाळ आम्ही कधी पाहिली होती ते देव जाणे, पण पाहुण्यापुढं चूल उघडी करायची नाही, एवढीच तिची समज. बाई दंडाच्या पट्टीकडं बघत, मग आईच्या तोंडाकडं, आणि काही न बोलता लिहीत. दुसरे भूजलावर काम करणारे, त्यांना आम्ही पाणीवाले साहेब म्हणायचो. हातात हातोडी, दिवसभर माळावर टकटक. तिसरे शब्दवाले सर. ते टेपचं यंत्र मांडीवर घेऊन बसत आणि माणसांना फक्त बोलायला लावत. हे काम सरकार कशासाठी करून घेतंय, हे वस्तीला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका सकाळी सर आमच्या अंगणात बसले होते. आबा शेजारी पागोटं मांडीवर घेऊन. सर एकेका वस्तूकडं बोट दाखवत आणि आई सांगे. शिबडं, उतरंड, वैल. मग त्यांनी चुलीच्या दगडाकडं बोट दाखवलं.

"याला काय म्हणता, वहिनी?"

आई थांबली. तिनं पदर कपाळावर ओढला. "मुकं," ती म्हणाली.

सर पुढं सरकले. कुंपणातला दगड दाखवला. मुकं. पायरीचा दाखवला. मुकं. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू माळावर पाणीच लागलं. "आबा, हा शब्द मला आजवर कुठंच मिळाला नाही," ते म्हणाले. "तुम्ही सगळे हेच म्हणता?"

पाहुण्यांसाठी आबा नुसते आबा होते, त्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पागोट्यात तोंड लपवून हसू गिळलं. "लिव्हा की सर. आमच्या घरात तसंच म्हनत्यात. हिला इचारा, ही पोर बी तसंच म्हनती."

मी मान हलवली. खोटं त्यात काय होतं? आमच्या घरात तसंच म्हणत होते.

त्या दिवशी दुपारच्या पंगतीत सरांना दुसरा विषयच नव्हता. दंड मोजणाऱ्या बाई, पाणीवाले साहेब आणि सर घोंगडीवर ओळीनं बसलेले, पुढ्यात मिलोची भाकरी आणि अंबाडीचं कालवण. "इथं दगडाला मुकं म्हणतात," सर सांगत होते. "बघा किती अर्थाचा शब्द आहे." बाई म्हणाल्या, शब्दानं वजन वाढत नाही. साहेबांचं लक्षच नव्हतं. ते भाकरी कालवणात कुस्करत होते आणि मनात बहुधा विहिरीची खोली मोजत होते. "शब्द गोळा करून पाऊस पडणार आहे का?" एवढंच ते म्हणाले, तेही खाली बघून. सर हसले. "पाणी लागलं की त्याला काय म्हणायचं ते हीच माणसं ठरवतील, आणि ते मी लिहीन." सगळी भली माणसं होती. आपापल्या खोबणीत मान घालून कामाला जुंपलेली. पुढं ग्रंथालयात मी हेच पाहिलं. शेजारच्या कपाटात काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वेळा त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

त्या वेळी वस्तीनं मिळून विहीर काढायला घेतली होती. दूध सोसायटीचेच सभासद, घरटी एक माणूस कामाला. साहेबांनी जागा दाखवली होती. मुरूम संपला, मांजऱ्याचा ठिसूळ खडक लागला, मग काळा खडक. माणसं खाली सुरुंग लावून फोडत, कप्पीवरून पाट्या वर येत आणि बाया त्या काठावर रित्या करत. आई काठावर असायची, आबा तळात. साहेब अधूनमधून खाली उतरून खडक बघत. पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी ते असेच उतरले. बाकी माणसं वर आली होती. तळात दोघंच, साहेब आणि त्यांच्या मोजायच्या टेपचं टोक धरून उभे असलेले आबा. मी आईला भाकरी घेऊन गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं.

विहिरीच्या मधल्या टप्प्यावर, आदल्या दिवशीच्या सुरुंगानं सुटलेला एक मोठा दगड अडकून राहिला होता. आधी त्याच्या खालून माती गळायला लागली. पिठाच्या चाळणीतून गळावी तशी, बारीक, बिनआवाज. आईनं ते पाहिलं. ती काठावर ओणवी झाली आणि ओरडली, "मुकंऽऽ! अवो, मुकं!"

आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. हातातली टेप टाकून ते एका उडीत भिंतीला चिकटले. साहेब तिथंच उभे. वर मान करून, डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं, "काय? काय म्हणालात?" आदल्या दुपारच्या पंगतीत त्यांच्या शेजारच्या माणसानं तो शब्द घासागणिक सांगितला होता. माती आता धारेनं सुटली होती. आबा त्यांना ओढायला भिंतीपासून सुटले, पुन्हा दगडाच्या खाली आले. आणि मग आईच्या तोंडातून ते निघालं. असा आवाज मी तिचा त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"दगड! दगडूऽऽ! दगड!"

साहेब बाजूला फेकले गेले. त्यांनी उडी मारली की आबांनी ढकललं, ते दोघांनाही पुढं सांगता आलं नाही. दगड मधोमध पडला आणि फुटला. धूळ वर आली. मग खालून आबांचा खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ साहेबांचा. काठावरचे सगळे वाकून खाली बघत होते. तेवढ्यात कुणाची तरी नवी सून, बिचारी अजाण पोर, सुटकेच्या भरात खुदकन हसून म्हणाली, "अगं बया, काकूंनी नाव घेतलं!"

आई मटकन खाली बसली.

आबा वर आले तेव्हा त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. साहेब आईच्या पाया पडायला वाकले, तिनं पाय ओढून घेतले. ती घरी आली, भिंतीकडं तोंड करून निजली आणि चूल पेटवली नाही. पाहुण्यांना त्या दिवशी मी भाकरी करून घातली. आबा तिच्या उशाशी बसले. हसण्यावारी न्यायचा त्यांनी सगळा प्रयत्न केला. "अगं, म्या जित्ता हाय. हात लावून बघ. तू हाक मारलीस म्हनून तर हाय." आई म्हणाली, "तवा वाचलाव. पुढचं काय?" "मग रोज घे नाव. बघू तर खरं काय हुतंय." तिनं कानांवर हात ठेवले. एका माणसाला वाचवायला तिनं नवऱ्याचं आयुष्य कमी केलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि ते तिथून काढणं आबांच्या हातात नव्हतं. त्या दिवसापासून ती त्यांच्यावर डोळा ठेवून राहिली. ते खोकले की हिच्या हातातलं काम थांबे. मुकं हा शब्दही ती आता हळू, चोरून म्हणायची.

पाणीवाले साहेब गेले, बाई गेल्या, सर गेले. विहिरीला पाणी लागलं. साहेबांनी सांगितलं होतं तिथंच, काळ्या खडकाच्या खाली. वस्तीनं गुलाल उधळला. आबांनी पहिली घागर आईच्या डोक्यावर दिली. पुढचं वर्ष बरं गेलं. सोसायटीत पुन्हा कॅन वाजू लागले, आमच्या वाड्यात थोडी मेंढरं आली. आईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला आहे असं मला वाटायला लागलं होतं, आणि तेव्हाच आबांचे डोळे पिवळे झाले.

काविळीची माळ बांधली, पाल्याचा रस दिला, शेवटी बैलगाडीनं, मग एसटीनं बार्शीला नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, लिव्हर, कावीळ, उशीर झाला. आई मान हलवत होती आणि एक अक्षर तिच्या आत जात नव्हतं. परत आणल्यावर आबा ओसरीवर पडून असत. एके सकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"येक मागू का?"

"मागा की."

"त्या दिशी हिरीवर हाक मारलीस तशी येकदा मार. लई ग्वाड वाटली व्हती. उभ्या जलमात माझं नाव तुझ्या तोंडानं तेवढंच ऐकलं."

आईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि नकारार्थी मान हलवत राहिली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं, बरं. ऱ्हाऊ दी," ते म्हणाले. तिला अजून वाटत होतं की नाव नाही घेतलं तर ते राहतील. ते त्याच आठवड्यात गेले.

मी आयुष्यभर शिकल्यासवरल्या माणसांत वावरले. ही समजूत आहे, कावीळ ही कावीळ असते, हे मला आईला पटवून देता आलं नाही, आणि एका वयानंतर मी तो नादही सोडला. रागही यायचा मला. आईचा नव्हे. तिला हे सांगून सासरी धाडणाऱ्या सगळ्यांचा, आणि त्यांत तिची आईही आली. आजही येतो.

आबा गेल्यावर काही महिन्यांनी शब्दवाले सर पुन्हा आले. गोळा केलेले शब्द पडताळून पाहायला, असं म्हणाले. अंगणात बसले, यंत्र मांडीवर घेतलं. "आबा कुठंयत?" त्यांनी सहज विचारलं, मग त्यांची नजर आईच्या मोकळ्या कपाळावर गेली. पाणी प्यायले. उठून जावं की बसावं ते त्यांना कळेना. आईच म्हणाली, "इचारा सर, काय इचारायचं ते. येवढ्या लांबनं आलाव."

सरांनी विचारलं. शिबडं, उतरंड, वैल. सगळे शब्द जुळले. मग त्यांनी चुलीकडं बोट दाखवलं. "आणि हे मुकं, नाही का?"

"न्हाय," आई म्हणाली. "दगड."

सर गोंधळले. त्यांनी पायरीकडं बोट दाखवलं.

"दगड."

कुंपणाकडं.

"त्यो बी दगड."

"पण मागच्या खेपेला तुम्ही मुकं म्हणाला होतात, वहिनी. मी सगळीकडं सांगितलंय. आणि या आजूबाजूच्या वाड्यांत विचारलं तर कुणालाच तो शब्द माहीत नाही."

"तवा म्हनत व्हते."

"मग आता का नाही?"

आईनं चुलीच्या दगडावर हात ठेवला. दगड तापलेला असणार, पण तिनं हात काढला नाही.

"आता कुनाला लागायचाय त्यो?" ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना आबांचं नाव सांगितलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि त्याचं झाकण लावलं. त्यांच्या प्रबंधात तो शब्द नाही. मी पुढं पाहिलं आहे.

सर गेल्यावर आई कामाला लागली. "शाले, चुलीचा दगड हाललाय, नीट बशीव गं," तिनं आतून हाक दिली. मग जरा थांबून, हळू आवाजात, एकटीशीच तिनं पुन्हा म्हटलं, "दगड." आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. उखाण्यात नाव घेऊन झाल्यावर बाया करतात, तसा.